तिसावा फरक

आमच्या ऑफिसात तिला सगळे फरकताई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तीही ओ देते. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, पण तो कागद आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही.

आमचा धंदा सांगायला सोपा आहे, फक्त सासरी सांगताना जीभ अडखळते. बाजारात कुणाचा तरी मोबाइल गेम चालायला लागला की आमचे साहेब तो उचलतात. आम्ही तसाच दुसरा बनवतो आणि दीड-दोन महिन्यांत फुकट वाटतो. मधे मधे जाहिराती दाखवतो. साहेब याला 'प्रेरणा' म्हणतात. आयत्या बिळावर नागोबा, असं म्हणायची सोय आम्हाला नाही, कारण त्याच बिळात आम्हीही वेटोळं घालून बसलोय. मी आवाजाचं काम करतो. उडी मारल्याचा, नाणं मिळाल्याचा, हरल्याचा, सगळे आवाज माझे. म्हणजे दुसऱ्याच्या आवाजासारखे माझे.

फार वर्षांपूर्वी एका वकिलाने साहेबांना जाता जाता सांगितलं होतं, की मूळ खेळ आणि आपला खेळ यांत तीसेक ठळक फरक असले तर कोर्टात बोलायला तोंड राहतं. हा कायदा कुठल्या पुस्तकात आहे ते त्या वकिलालाच ठाऊक. तो पुढे दुसऱ्या गावी गेला, त्याचं वाक्य मात्र आमच्याकडे मुक्कामाला राहिलं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक खेळाला तीस फरकांची यादी जोडलेली असते. एकोणतीस चालत नाहीत, आणि एकतिसावा फरक करायला साहेब पैसे देत नाहीत. ही यादी ती करते. अकरा वर्षं झाली.

मूळ खेळ ती आधी तीन दिवस खेळते. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. हरली तरी तेच, जिंकली तरी तेच. मग रेघांच्या वहीत लिहायला बसते. एक, सशाऐवजी खार. दोन, नाणी गोल नाहीत, षटकोनी आहेत. तीन, पूल तुटण्याऐवजी विरघळतो. वही चित्रकारांकडे जाते, मग प्रोग्रामरांकडे, शेवटी माझ्याकडे, आणि मी खारीला आवाज शोधायला लागतो.

कामाला लागली त्या वर्षी ती स्वतःची एक कल्पना घेऊन साहेबांकडे गेली होती. तुम्ही हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसलेले असता. लोक येतात आणि आपल्या हरवलेल्या वस्तूचं वर्णन करतात. कुणी रडत करतं, कुणी खोटं करतं. त्यावरून मागच्या फडताळातून वस्तू तुम्ही काढून द्यायची. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते तसे सज्जन आहेत.

"छान आहे. कशासारखा आहे?" त्यांनी विचारलं.

"कशासारखा नाही."

"मग लोकांना कळणार कसं, की त्यांना तो हवाय?" आणि मग त्यांचं ते आवडतं वाक्य: "शोधणारा उपाशी, विकणारा तुपाशी."

त्यानंतर ती कधी कल्पना घेऊन गेली नाही. एकदा मी विचारलं, तेव्हा वाईट वाटलं होतं का? ती म्हणाली, "वाटलं असेल." सुट्टीच्या दिवशी काय करतेस म्हटलं, तर म्हणाली, "कपडे." आधी मला वाटायचं ही शिष्ट आहे. मग वाटलं, दुःखी आहे. दोन्ही नाही. एका कुशीवर फार वेळ झोपलं की हात आपला राहत नाही ना, तशी ती होती, फक्त अकरा वर्षं. आणि खरं सांगायचं तर मीही फारसा वेगळा नव्हतो. मला निदान चिडता यायचं.

गेल्या वर्षी एका सोमवारी साहेबांनी मोठ्या पडद्यावर एक नवा खेळ लावला. एकट्या माणसाने केलेला, महिन्यापूर्वी बाजारात आलेला आणि नुकता चालायला लागलेला. दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत एक अवाढव्य माणूस झोपलाय, त्याचा चेहरा दिसत नाही. तुम्ही लहान मूल आहात आणि तुम्हाला बाहेरच्या दारापर्यंत जायचंय. जमिनीवर पाय ठेवला तरी आवाज होतो, स्टूल सरकवलं तरी होतो. म्हणून वाट बघायची. खालून ट्रक गेला की त्या आवाजाखाली आपला आवाज लपवायचा. शेजारी नळ सुटला की दोन पावलं. माणूस घोरला की एक. आवाज फसला तर तो माणूस गर्जना करून उठतो, पडदा लाल होतो आणि खेळ पहिल्यापासून.

मी आवाजाचा माणूस. मला तो खेळ बघताना घाम फुटला. असं काही मी पाहिलं नव्हतं.

"हाच करायचा," साहेब म्हणाले.

दुपारी डबा खाताना फरकताई म्हणाली, "तो माझ्या भावाचा खेळ आहे." भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशी म्हणाली.

मग थोडं थोडं करून कळलं. त्यांचे वडील बेकरीत रात्रपाळीला असत आणि दिवसा झोपत. आई दिवसभर दुकानात कामाला. घरात ही नऊ वर्षांची आणि धाकटा चारचा. वडिलांची झोपमोड होऊ नये म्हणून धाकट्याला गप्प ठेवायचं काम हिच्याकडे, आणि चार वर्षांचं पोर गप्प बस म्हटल्याने गप्प बसत नाही. म्हणून हिने खेळ काढला. मोठ्या आवाजाखाली छोटा आवाज लपवायचा. नियम तिचे, गुण द्यायची तीच.

"म्हणजे खेळ तुझा आहे!" मी म्हणालो.

"त्याने केलाय. सहा वर्षं लागली त्याला. नोकरी सोडली होती."

मी फोनवर त्याची मुलाखत शोधून काढली. 'लहानपणी मीच शोधलेला खेळ' असं त्यात चक्क छापलं होतं. मी तिच्यासमोर धरली. तिने वाचली आणि लिंबाची फोड माझ्याकडे सरकवली.

"त्याला तसंच आठवत असेल," ती म्हणाली.

"आपला फुकट खेळ आला की त्याचा कोण विकत घेणार? सहा वर्षं पाण्यात जातील त्याची. साहेबांना नाही म्हण."

"मी नाही म्हटलं तर दुसरं कुणीतरी करेल."

"मग निदान तू केलेलं नसेल ना! फोन तरी कर त्याला."

"काय सांगू?"

तिला उपदेश करणं सोपं होतं, पण मी तरी कुठे राजीनामा दिला? त्याच दुपारी मी नळाचे आवाज रेकॉर्ड करायला बसलो.

यादी एकोणतीसपर्यंत सरसर आली. मुलाऐवजी मुलगी. ट्रकऐवजी आगगाडी. कपाट डावीकडचं उजवीकडे. आणि एकोणतिसावर जी अडली ती आठ दिवस हलेना. असं कधीच झालं नव्हतं. ती वही उघडी ठेवून बसायची आणि संध्याकाळी मिटून घरी जायची. साहेब दोनदा येऊन टेबलावर बोटं वाजवून गेले. नवव्या दिवशी तिने एका दमात लिहिलं, आणि मी तिच्या खांद्यावरून वाचलं.

तीस. झोपलेला माणूस उठला तर खेळ संपत नाही. मुलीने आहे तिथे आडवं होऊन झोपेचं सोंग घ्यायचं. पडदा काळा. फक्त आवाज. माणूस येतो, अंगावर चादर घालतो. मग मुलीची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन, चवड्यांवर, बाहेर जिन्यात जाऊन बसतो.

"हे कुठून सुचलं तुला?"

"सुचलं नाही. असंच व्हायचं. एकदा जाग आली की बाबांना परत झोप लागायची नाही. मग जिन्यात बसून राहायचे, संध्याकाळी कामाची वेळ होईपर्यंत."

"आणि भाऊ?"

"तो सोंग घेता घेता खरंच झोपायचा. चार वर्षांचा होता."

त्या पावलांसाठी तिने माझा जीव खाल्ला. एरवी माझ्या आवाजांना ती 'चालेल' एवढंच म्हणते. या वेळी मी नऊदा चाललो, अनवाणी, रेकॉर्डिंगच्या खोलीत, हातात स्वतःच्या चपला धरून. ती काचेपलीकडून सांगायची, "अजून हळू. माणूस जड आहे. दमलाय. गुडघा दुखतोय, पण कण्हायचं नाही." नवव्यांदा मी दारापाशी पोचलो. मी वळून पाहिलं, तर ती वही मिटत होती. "चालेल," म्हणाली.

आमचा खेळ आला आणि तुफान चालला. लोक बाकी सगळं विसरून त्या काळ्या पडद्याबद्दल बोलायला लागले. कुणी लिहिलं, मी आईला फोन केला. कुणी लिहिलं, मूळ खेळ नुसता भीतीचा होता, खरी कल्पकता इथे आहे. साहेबांनी जाहिरातीत टाकलं: 'असं आजवर कुणी केलं नव्हतं.' आमच्या कंपनीबद्दल असं वाक्य छापून यायची ही पहिलीच वेळ, आणि ते खरंही होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे आम्ही, आता ताक आमचंच म्हणून दवंडी पिटत होतो. लगोलग एक नवा वकील आला. कागद झाले. ही कल्पना कंपनीची, दुसऱ्या कुणी वापरली तर दावा लावू, आणि ती जिला सुचली तिचा त्यावर काही हक्क नाही. फरकताईने तीन ठिकाणी सह्या केल्या. वडील जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

भावाच्या खेळाची विक्री पंधरा दिवसांत बसली.

मग एका दुपारी तो आला. मी त्याला मुलाखतीतल्या फोटोवरून ओळखलं. आता तमाशा होणार, आणि व्हायलाच हवा, असं मला वाटलं. फरकताईने शेजारची खुर्ची त्याच्याकडे सरकवली. तो बसला. बहीण म्हणून हिची कीव करावी की त्याच्या बाजूने उठून साहेबांच्या काचेवर काहीतरी फेकावं, हे मला ठरवता येईना.

"ताई, ते काळ्या पडद्याचं फक्त तूच सांगू शकली असतीस," तो म्हणाला. "तू इथे आहेस हे माहीत होतं मला. हे करत असशील असं वाटलं नव्हतं."

"हो," ती म्हणाली.

"भांडायला आलो होतो. जिना चढेपर्यंत भांडायचंच होतं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "ते खरं आहे का? चादरीचं?"

"हो."

"कितीदा?"

"तू आवाज केलास की प्रत्येक वेळी. म्हणजे जवळजवळ रोज."

तो माझ्याकडे वळला. "पावलं कुणी केली?" मी हात वर केला, शाळेत करतात तसा. "नुसती ऐकवता? संगीत नको."

मी ऐकवली. त्याने तीनदा ऐकली, डोळे मिटून. मग हेडफोन काढून माझ्या टेबलावर अगदी हळू ठेवला.

"सहा वर्षं मी बाबांना राक्षस करत बसलो होतो," तो म्हणाला. "चेहरासुद्धा नाही दिला. मला फक्त ते उठलेले आठवतात. पुढचं काहीच नाही." मग तो ताईकडे वळला. "माझ्या खेळात घालतो हे. विकला गेला नाही तर नाही गेला. पण असा राहायला नको तो."

"नाही घालता येणार," फरकताई म्हणाली. "ते आता कंपनीचं आहे. मी सही केलीय."

तो हसला. ते हसू ऐकून मलाच शरमल्यासारखं झालं. आवाजात माझा आयुष्यभराचा व्यवहार, पण हा आवाज मला नको होता.

"बरं," तो म्हणाला. "मग मला नुसतं सांग. खेळासाठी नको. बाबा उठले की काय काय व्हायचं ते, पहिल्यापासून."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला सुरुवात कशी करायची ते कळत नव्हतं, हे मला दिसलं. मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि तिचं तिला कळलंही नाही की ती कशी सांगतेय.

"एक. आधी पलंग वाजायचा. दोन. ते दारात उभे राहायचे, बराच वेळ. तीन. तू उताणा झोपायचास, ते तुला कुशीवर वळवायचे. चादर आधी तुझ्यावर, मग माझ्यावर. चार. मी जागी असते हे त्यांना माहीत होतं. जाताना माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवायचे, आणि हसायचे."

मी त्या खेळावर दोन महिने घालवले होते. त्या यादीतली ओळ न् ओळ मला पाठ होती. बोटाचं त्यात कुठेच नव्हतं.

भावानेही आमचा खेळ पुन्हा पुन्हा खेळलेला असणार. त्याने विचारलं, "हे नाही त्यात. हे का नाही लिहिलंस, ताई?"

"साहेबांना तीसच हवे होते," ती म्हणाली.