लिहून घेणार

माझ्या वडिलांचे हात मी बांधायला लावले होते. स्वतः नर्स असून. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी स्वतःचं कौतुक करायला लागले तर तुम्हाला मला आवरता येईल.

आबा राहुरीच्या तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे कागद लिहायचे. वाटणीपत्र, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, काय लागेल ते. पत्र्याची पेटी, खाली पोतं आणि खिशात दोन पेनं, एवढंच दुकान. देवळाली प्रवराहून सायकलनं यायचे-जायचे. आमच्या आज्याला सही येत नव्हती. गावातलं कुणीही यायचं, त्याचा अंगठा धरायचं आणि हवा तिथं टेकवायचं. "माज्या बापाचा अंगठा त्याच्या मालकीचा नव्हता," असं आबा म्हणायचे. म्हणून की काय, आबांची सही बघत राहावी अशी होती. शेवटच्या अक्षराची शेपटी ओढताना ते श्वास रोखून धरायचे.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या छातीनं दगा दिला. चाळीस वर्षं बिडी ओढलेली, दुसरं काय होणार? एकदा दम एवढा लागला की नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिथं त्यांच्या घशात नळी घालून मशीनवर ठेवलं. नळी असली की माणसाला बोलता येत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा उजवा हात चादरीवरून उठायला लागला. वर यायचा, हवेत वळायचा, पुन्हा पडायचा. मला वाटलं, नळी ओढतायत. असे पेशंट मी ढिगानं पाहिले होते. मीच तिथल्या सिस्टरला म्हटलं, "बाई, हात बांधा, नाहीतर नळी काढून टाकतील." त्यांनी बँडेजनं दोन्ही हात कॉटच्या दांडीला बांधले. आठ दिवस ते तसेच होते.

आबा वाचले. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्यांना पेज भरवत होते, तेव्हा म्हणाले, "पोरी, म्या नळी ओढत नव्हतो गं. कागद मागत हुतो."

ज्या माणसानं आयुष्यभर लिहिण्यावर पोट भरलं, त्याचा लिहिणारा हात त्याच्या पोटच्या पोरीला ओळखू आला नाही! अख्ख्या तालुक्यात एवढी ठोंबी नर्स दुसरी नसेल. मी रडत रडत विचारलं, "काय लिहायचं होतं आबा?"

"आता काय ध्यानात ऱ्हातंय?" ते म्हणाले आणि पेजेकडे बोट केलं.

पंधरा दिवसांनी त्यांनी स्टॅम्पपेपर काढून माझ्यापुढं ठेवला. अक्षर थरथरलेलं, पण भाषा तीच कचेरीतली. लिहून देणार म्हणून त्यांचं नाव, लिहून घेणार म्हणून माझं. "कारणे लिहून देतो ऐसा जे, मी राजीखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय, नशापाणी न करता, पूर्ण शुद्धीवर असताना" अशी लांबलचक सुरुवात आणि खाली कलमं. पुन्हा घशात नळी घालू नये. हात बांधू नयेत. दम कमी लागेल अशी औषधं आणि ऑक्सिजन द्यावा, त्यास हरकत नाही. शक्यतो राहत्या घरी ठेवावं. आणि पाचवं कलम: चहा मागितल्यास साखर घालून द्यावा, शुगरचं कारण सांगू नये.

मी मुळातच तापट. "आबा, हे काय चालवलंय? मरणाचा करारनामा करतात का कुणी?"

"बोलनं बंद पडंल तवा कागद बोलंल. कर सही."

"आणि उद्या मला सुई मागाल! तुझ्याकडं औषधं असतात, कर मोकळं, म्हणाल!"

आबांनी चष्मा वर केला. "मारायचं कलम घातलंय का बघ यात. म्या जीव द्यायला न्हाई निघालो. आन् तुज्या हातून तसलं काम करून घीन व्हय? मरान आपल्या पायानं येऊंदे. त्याच्या वाटंत मशीन लावू नगा, एवढंच म्हनतो."

"मग भाऊकडून घ्या सही. थोरला तो आहे."

"त्याची बी माया हाय, तुजी बी हाय. पन नळी म्हंजी काय ते तुला ठावं हाय."

मी सही केली नाही. पिशवी उचलली आणि पाय आपटत नोकरीच्या गावची एसटी गाठली. सही केली म्हणजे बाप मेलाच, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

पण आबा कुठले ऐकतायत! साक्षीदार शोधायला ते लिंबाखाली जाऊन बसले. कचेरीसमोरचा चहावाला म्हणाला, "आबा, जमिनीच्या कागदावर धा सह्या करीन. असल्या अभद्र कागदाला हात लावायचा न्हाई." आबांनी त्याला पाचवं कलम वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हे मातर बरोबर लिवलंय," आणि लगेच सही करून मोकळा झाला. वर म्हणाला, चहा माझ्याच टपरीचा पाहिजे, तेही घाला.

नंतर आबांनी कागद कोर्टातल्या एका वकिलाला दाखवला. तेव्हा पेपरात मरणाच्या हक्काची चर्चा गाजत होती. वरच्या कोर्टानं आधी असा हक्क आहे म्हटलं होतं, मग दोनच वर्षांत नाही म्हटलं. वकील आधी हसले. मग कागद दोनदा वाचला आणि खुर्ची पुढं ओढली. म्हणाले, "आबा, आपण होऊन मरणं वेगळं आणि उपचार नको म्हणणं वेगळं, हे तुम्ही बरोबर धरलंय. पण असा कागद मानायलाच पाहिजे, असा कायदा आपल्याकडं नाही. डॉक्टर पोलिसांना भिणार. याला किंमत नाही हो."

आबांनी कागदाची घडी केली. "कायद्यात बसत नसंल तर ऱ्हाऊंदे. घरात बसला तरी लई झालं."

हे मला चहावाल्यानं सांगितलं. मग कागद पत्र्याच्या पेटीत गेला. लिहून घेणारची जागा कोरी. मी दर रविवारी घरी यायचे, पेटीकडं बघायचे, आबा माझ्याकडं बघायचे आणि आम्ही दोघं कांद्याच्या भावावर बोलायचो.

थंडी पडली तसा पुन्हा दम उसळला. सकाळी नऊचा सुमार असेल. भाऊनं त्यांना राहुरीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं आणलं होतं. मी निरोप मिळताच ड्युटी सोडून पोचले. आबांच्या नाकाला ऑक्सिजन, ओठ निळसर, पण डोळे जागे. शुगर फॅक्टरीतून मागून आणलेली जीप भाऊनं दारातच चालू ठेवली होती.

डॉक्टर आम्हाला बाहेर घेऊन गेले. आपल्याकडं हीच रीत. पेशंट आत, त्याच्या जिवाचा निकाल व्हरांड्यात. मीही वीस वर्षं हेच करत आले होते. ते म्हणाले, "नगरला न्या. मशीन लागेल. न्यायचं नसेल तर या फॉर्मवर तशी सही द्या, मी इथं जमेल ते करतो. पण मग बरंवाईट झालं तर माझ्यावर येऊ नका."

"नेणार!" भाऊ ओरडला. "लोक काय म्हणतील? नोकरीवाल्या पोरांनी बापाला तसाच ठेवला?"

"लोक आठ दिवस हात बांधून पडले होते का?" मीही ओरडले. मग भाऊ रडायला लागला. एवढा दांडगा गडी, भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होता. म्हणाला, "मला नाही गं त्यांना सोडता येत." मला तरी कुठं येत होतं! सही करायची म्हणजे आजच बाप जाईल, आणि नाही केली तर बँडेज मला दिसत होतं.

तेवढ्यात आतून टक टक आवाज आला. आबा बोटाच्या पेरानं कॉटच्या दांडीवर वाजवत होते. उजवा हात हवेत उचललेला, बोटं जुळलेली.

या वेळी मला कळलं. मी डॉक्टरांच्या खिशातलं पेन ओढलं, त्यांच्या हातातला फॉर्मही घेतला आणि आत गेले. डॉक्टर मागून म्हणत होते, "अहो, नातेवाइकांची सही लागते." मी म्हटलं, "ज्याचा श्वास आहे त्याची आधी घ्या की!"

आबांनी सही केली. अर्ध्यात दम लागला, थांबले, पण शेपटी ओढल्याशिवाय पेन सोडलं नाही. मग शर्टाच्या आतल्या खिशाकडं बोट केलं. स्टॅम्पपेपर तिथं होता, चार घड्या करून. लिहून घेणारच्या जागेवर मी सही केली. भाऊकडं पेन दिलं. त्यानं डोळे पुसले, साक्षीदारांच्या खाली कसंबसं नाव लिहिलं आणि जाऊन जीप बंद केली.

डॉक्टरांनी दोन्ही कागद वाचले. म्हणाले, "इतकी वर्षं हा फॉर्म भरून घेतोय. पेशंटच्या हातात कधी दिला नव्हता." आणि मग तो माणूस असा झटला की विचारू नका. सुया, सलाईन, वाफ, ऑक्सिजन, सगळं केलं. फक्त नळी नाही.

आबा गेले नाहीत. सहाव्या दिवशी घरी आले. भाऊनं ऑक्सिजनचं नळकांडं पलंगाशी उभं केलं आणि मी रजा टाकली. फेब्रुवारीत ऊन चढलं तसे ते जीपमधून दोनदा लिंबाखाली जाऊन बसले. चहावाल्यानं साखर घालून चहा दिला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "कलम पाच!" आजूबाजूची चार-पाच म्हातारी माणसं आबांकडं आली, हळूच म्हणाली, आमचा बी तसला कागद करा. आबा म्हणायचे, "आधी पोरास्नी घिऊन या. लिवून घेनारा पायजे." चार घरांतल्या पोरांना त्यांनी आईबापांसमोर बसवून बोलायला लावलं. त्यातले तीन कागद झाले. चौथ्या घरातली माणसं भांडत उठली, पण चारचौघांत बोलली तरी!

चैत्र संपता संपता त्यांचं बोलणं बंद झालं. छातीत ताकदच राहिली नव्हती. डॉक्टर सायकलवरून घरी येऊन औषध देऊन गेले, आबांना आता गुदमरल्यासारखं होत नव्हतं. भाऊनं उशाशी बसून त्रिशरण म्हटलं. बुद्धाच्या तसबिरीखाली खिडकीतून दुपारचं ऊन आलं होतं. मी सकाळपासून त्यांच्याजवळच होते. आणि त्यांचा उजवा हात चादरीवरून उठला.

मी पाटी घेतली, वर कागद लावला, बोटांत पेन दिलं आणि मनगटाखाली माझा हात धरला. धरला म्हणजे नुसता टेकू. त्यांनी लिहायला किती वेळ घेतला देव जाणे. मी वाचत नव्हते, हात हलतोय एवढंच बघत होते. पेन पडलं तेव्हा वाचलं.

"नगरला हेच लिहायचे होते. जेवलीस का?"

मी मान हलवली. नव्हते जेवले. तेव्हा नगरलाही नव्हते जेवले. त्यांनी डोळ्यांनी चुलीकडं खूण केली. भाऊनं भाकरी आणि पिठलं ताटात आणून दिलं. मी पलंगाशी मांडी घालून बसले आणि रडत रडत, नाक पुसत, अख्खी भाकरी खाल्ली. आबा शेवटच्या घासापर्यंत बघत होते.