मुंगसाचं तोंड

परसातल्या खुराड्यातून मुंगसाने कोंबडीची दोन पिल्लं नेली, तेव्हा बायकोने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग रविवारभर खपून आम्ही खुराड्याला बारीक जाळी ठोकली.

आज सकाळी ते पुन्हा आलं, जाळी हुंगत फिरलं आणि पाठ फिरवून निघालं. मुंगसाचं तोंड दिसणं म्हणजे शुभशकुन! चहाचा कप खाली ठेवून बायको लहानपणीसारखी ओरडली, "मुंगसा, तोंड दाखव, तुला रामाची शपथ!"

ते थांबलं, वळलं. तिने चक्क हात जोडले. आत पिल्लं सुखरूप असली, की चोराचंही कौतुक करायला मन मोकळं होत असावं.

"आता दिवस चांगला जाणार," ती म्हणाली, आणि जाळीचे खिळे पुन्हा एकदा चाचपून आली.