वरातीसाठी अ‍ॅक्सल निवडताना

जुन्या गाड्या जिवापाड सांभाळणाऱ्या माझ्या खान्देशच्या मित्रांनो, आपलं सगळ्यांचं एक दुखणं सारखंच आहे. गाडी कुठेही उभी करा, हातात चहा यायच्या आत कुणीतरी विचारतंच, "किती पळते?" आणि आपणही छाती फुगवून आकडा सांगतो... हा प्रश्न आपल्याकडून किती चुकीचे निर्णय करून घेतो, ते मला परवा धुळ्यात कळलं.

माझ्याकडे जुनी कॉन्टेसा आहे. लांब बॉनेट, मागच्या चाकांना ताकद, चार गिअर. मागच्या वर्षी इंजिन मोठं बसवलं, त्यामुळे दम भरपूर... पण जळगाव सोडून हायवेला लागलं की चौथ्या गिअरमध्येही ते किंचाळतं. शेजारी बसलेल्याशी बोलायला मला सभेतला आवाज लावावा लागतो.

यावर उपाय दोन. मागच्या अ‍ॅक्सलमधली, म्हणजे चाकांच्या आसातली, क्राऊन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी बदलायची, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनला कमी फिरावं लागतं. नाहीतर अ‍ॅक्सल आहे तोच ठेवून पाच गिअरचा बॉक्स बसवायचा. दोन्हींनी हायवेवर इंजिन शांत होतं... मग फरक काय? गेले कित्येक दिवस मी भेटेल त्याला हेच विचारत होतो.

घाई पुतणीमुळे होती. प्राचीचं लग्न शिरपूरला ठरलंय. मारुतीच्या दर्शनाला गेलेल्या नवरदेवाला तिथून मंडपापर्यंत कॉन्टेसातून आपण स्वतः गाडी चालवत, वाजतगाजत घेऊन येणार, असं तिने जाहीर केलं. सासरचे हो म्हणाले, पण एका काकांनी टोमणा मारलाच, की मग ढकलायला चार माणसं आधीच सांगून ठेवतो.

मी आयुष्यभर व्यासपीठावरून बाईच्या हाती सूत्रं द्या म्हणून ओरडत आलोय. इथे तर फक्त स्टिअरिंग द्यायचं होतं. गाडीत काही राहून जाता कामा नये, असं मनाशी पक्कं केलं.

धुळ्याचे एक नाना माझे जुने मित्र. त्यांच्याकडेही अशीच गाडी, इंजिनही तसंच, पण त्यांनी अ‍ॅक्सल बदललेला. क्राऊन-पिनियनची तशीच दुसरी जोडी त्यांच्याकडे होती आणि ती ते मला द्यायला तयार होते. प्राचीला घेऊन मी माझ्या कॉन्टेसाने धुळ्याला गेलो आणि नानांनी आम्हाला त्यांच्या गाडीत घालून ती पारोळ्याकडे काढली.

काय सांगू... गाडी तरंगत होती. इंजिन इतकं शांत, की मागच्या सीटवरून प्राचीने सुस्कारा सोडलेला ऐकू आला. नाना म्हणाले, "मस्त शे ना भाऊ?" मी तिथेच जोडी घ्यायचं ठरवून टाकलं.

चहाला म्हणून पारोळ्यात शिरलो आणि एका वरातीच्या मागे अडकलो. आपल्याकडची वरात म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. बँडवाला चौक सोडत नाही, नाचणारे बँडवाल्याला सोडत नाहीत आणि नवरदेवाच्या मामाला अजून एक गाणं हवंच असतं. मी घड्याळ बघितलं तर नाना म्हणाले, "भाऊ, तुमनं भाषण बी यानापेक्षा लांब चालस."

तेवढ्यात वास आला. जळक्या, करपल्या चामड्यासारखा... पहिल्या गिअरमध्येही गाडी माणसाच्या चालीने चालेना, म्हणून नाना सारखा अर्धा क्लच दाबून ती रोखत होते. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "वरातमां असंच होस," म्हणाले.

प्राची मात्र हळूच म्हणाली, "काका, क्लच जळाला तर अ‍ॅक्सल कुणी उघडून बघणार नाही. पोरीला गाडी चालवता येत नाही, एवढंच म्हणतील."

परत आल्यावर मला राहवेना. नानांच्या घराजवळच्या मोकळ्या प्लॉटवर मी त्यांची गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, क्लचवरचा पाय पूर्ण काढला, अ‍ॅक्सिलरेटरला हात... म्हणजे पाय लावला नाही, आणि प्राचीला बाजूने चालायला सांगितलं. तिला पळावं लागलं. मग माझी गाडी तशीच चालवली. प्राची झपझप चालत, माझ्याशी बोलत, शेवटपर्यंत बरोबर आली.

इतके दिवस शोधत होतो तो फरक हाच! अ‍ॅक्सल बदलला की चौथ्याबरोबर पहिलाही गिअर लांबतो, सगळेच लांबतात, म्हणजे इंजिन तेवढंच फिरूनही गाडी जास्त पळते. पाच गिअरच्या बॉक्समध्ये, पहिला गिअर जुन्यासारखाच असेल तर, खालची चाल तशीच राहते आणि हायवेसाठी पाचवा वेगळा मिळतो. मी हायवेच्या आवाजाचाच विचार करत बसलो होतो... आणि प्राचीला जायचं होतं बँडच्या मागे.

नानांची जोडी नम्रपणे नाकारली. ते जरा रुसले, मग स्वतःच्याच गाडीभोवती एक फेरी मारून विचारात पडले. आता जळगावला पाच गिअरचा बॉक्स बसवायचं काम सुरू आहे, त्यासाठी बॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणारा दुसरा एक शाफ्ट आणून थोडा कापावा लागतोय. लग्नापर्यंत झालं नाही तर जुना बॉक्स जुन्या शाफ्टसकट परत चढवू. मग शिरपूरपर्यंत गाडी किंचाळत जाईल, आम्ही कानात कापूस घालू... पण मंडपापर्यंत प्राचीच नेईल.

नानांचे आभार. त्यांनी गाडी आणि क्लच दोन्ही पणाला लावले नसते, तर माझी चूक मला थेट लग्नात कळली असती.

तुम्हाला एकच काम सांगतो. अ‍ॅक्सलला हात लावण्याआधी, या रविवारी गाडी मोकळ्या जागी न्या. पहिला गिअर टाका, दोन्ही पाय उचला, आणि घरातल्या कुणालातरी बाजूने चालायला सांगा. त्यांना आताच धावावं लागलं, तर अ‍ॅक्सल आहे तोच ठेवा.