गच्चीवरचा एजंट

मी उद्योग आणि तंत्रज्ञानावर लिहिणारा पत्रकार. नवं पुस्तक शांतपणे लिहावं म्हणून पुणं सोडून भरे गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तिथे नेटवर्क फक्त गच्चीवर मिळायचं. त्यामुळे कंपन्यांच्या मालकांच्या मुलाखती मी गच्चीवर फेऱ्या मारत, ओरडून घ्यायचो. "गुंतवणूक किती कोटींची? सौदा कधी पक्का होणार?" हे अख्ख्या आळीला ऐकू जायचं.

महिन्याभरात लोक सातबारा घेऊन दारात यायला लागले. मी जमिनीचा एजंट नाही, हे सांगून सांगून तोंड दुखलं. शेवटी वैतागून मी घरमालकांच्या हातात माझं आधीचं पुस्तकच ठेवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, मागचा माझा फोटो निरखला.

"म्हंजी तुमी लिवता व्हय. मग आमच्या दोन एकराची जाहिरात लिवून द्या की. रस्त्याला लागून हाय."

नाही म्हटलं असतं तर गच्चीची किल्ली गेली असती. चडफडत चार ओळी लिहून दिल्या. त्यांनी त्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवल्या आणि खाली, मला न विचारता, माझा नंबर टाकला.

इतकी वर्षं माझ्या लेखांखाली ईमेल छापून येतो. वाचकाचं एखादं पत्र आलं तरी मी ते जपून ठेवतो. दुसऱ्या दिवशी मुलाखतीसाठी गच्चीवर गेलो, तर फोन थांबेनात. प्रत्येकाने माझ्या चारही ओळी अगदी लक्षपूर्वक वाचलेल्या होत्या. आणि मी अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडत होतो, "हो, रस्त्याला लागूनच आहे."