हिंजवडीतला ठिपका

मागून कुणाला स्क्रीन दिसू नये म्हणून मी खुर्ची भिंतीकडे सरकवून घेतली. दोन-तीन मिनिटं स्क्रीनवर लोडिंगचं चक्र नुसतं फिरत राहिलं. मग नकाशा उघडला आणि त्यावर ठिपका आला. इम्तियाजचा लॅपटॉप हिंजवडीत होता. त्या दिवशी भोसरीला घरून काम करतोय, असं त्याने मॅनेजरला कळवलं होतं.

मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला.

मी चाकणच्या एका ऑटो-पार्ट्सच्या कंपनीत आयटी सपोर्टला आहे. इम्तियाज आणि मी एकाच महिन्यात लागलो. तेव्हा अँटिव्हायरस टाकायचा तर पेनड्राइव्ह घेऊन स्टोअरपासून पेंटशॉपपर्यंत एकेका पीसीपाशी जाऊन बसावं लागे. दोघं मिळून करायचो, डबाही एकत्र खायचो. मग कंपनीने क्लाउडवरची सिस्टिम घेतली. कंपनीचे लॅपटॉप, फोन, लाइनवरचे बारकोडचे टॅब, सगळे तिच्यात नोंदवायचे. मग ब्राउझरमधल्या एका पानावरून त्यांना अपडेट पाठवता येतं, पासवर्डचा नियम लावता येतो. एखादा लॅपटॉप हरवला तर तो कुठे आहे ते पाहता येतं, लॉक करता येतो, आतला डेटा पुसूनही टाकता येतो. त्या पानाला आम्ही कन्सोल म्हणतो.

इम्तियाजने सुट्टीच्या दिवशी बसून त्या सिस्टिमच्या परीक्षा दिल्या. मी म्हणालो, "राव, एवढं शिकून शेवटी प्रिंटरच दुरुस्त करायचेत." तो टीम लीड झाला. मी होतो तिथेच राहिलो.

तेव्हापासून त्याचं सगळंच मला खुपायला लागलं. माझ्या एक्स्टेंशनवर फोन येई, "इम्तियाजभाई आहेत का?"

"मी दत्ता बोलतोय. सांगा की."

"नको, त्यांनाच करतो नंतर."

मीटिंगमध्ये तो म्हणे, "हे मी आणि दत्ताने केलं." निम्मं काम मी केलेलं नसे. तो मोठ्या मनाने वाटून देई, आणि त्याचाच मला जास्त राग येई.

त्या आठवड्यात कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, तुझा दोस्त हिंजवडीत इंटरव्ह्यू देतोय म्हणे. माझ्या डोक्यात लगेच हिशेब सुरू झाला. हा गेला की जागा माझी. पण खात्री हवी होती. कन्सोलवर लोकेशन शोधायचं बटण माझ्यापुढेच होतं. यंत्र हरवल्याची लेखी तक्रार आल्याशिवाय ते दाबायचं नाही, असा आमचा नियम. तो इम्तियाजनेच लिहिला होता. खाली माझीही सही होती.

ठिपका पाहून मी सरळ मॅनेजर कदम साहेबांकडे गेलो.

"साहेब, इम्तियाज घरी नाही. लॅपटॉप हिंजवडीत दिसतोय."

साहेबांनी चष्मा काढला. "दिसतोय, की तू पाहिलास?"

साहेबांनीच पुढे विचारलं.

"हरवल्याची तक्रार आहे?"

"न्हाई." घाबरलो की माझ्या मोशी गावची बोली बाहेर येते.

साहेबांनी आपल्या लॅपटॉपवर कन्सोलचा ऑडिट लॉग उघडला. कोणत्या अ‍ॅडमिनने किती वाजता काय केलं, याची ती आपोआप होणारी नोंद. अ‍ॅडमिनलाही ती खोडता येत नाही. माझं नाव सगळ्यात वर होतं.

"इथे फक्त 'का' लिहिलेलं नाही," साहेब म्हणाले. "ते तू सांग."

बहाणे दोन-तीन सुचले होते. पण तोंडातून निघालं, "जळलो साहेब. दुसरं काय."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, तिथे इम्तियाजही आला. त्याला आधीच कळलेलं होतं. अ‍ॅडमिनने लोकेशन पाहिलं की त्या लॅपटॉपवर तशी सूचना येते. हे मला माहीत होतं, पण त्या वेळी आठवलं नाही. तो हिंजवडीतल्या त्या कंपनीच्या लॉबीत बसून आपल्याच प्लांटचे अपडेट पाठवत होता, तेव्हा ती सूचना त्याच्यासमोर आली.

"इंटरव्ह्यू होता," त्याने साहेबांना सरळ सांगितलं. "घरून काम करतो म्हणालो, ते चुकलं. अर्धी रजा टाकायला हवी होती." मग माझ्याकडे वळला. "तू विचारलं असतंस तर तुला सांगितलं असतं, दत्ता. तुझंच नाव सुचवणार होतो माझ्या जागेसाठी."

एवढ्या वर्षांत त्याने मला कधी खोटं सांगितलेलं नव्हतं.

इम्तियाज जाऊ शकतो हे माझ्यामुळे कंपनीला वेळेवर समजलं. तो जाऊ नये म्हणून आठ दिवसांत त्याला कंपनीच्या दोन्ही प्लांटचा आयटी हेड केलं आणि तो थांबला. चहाडी मी केली, बढती त्याला मिळाली. मला लेखी वॉर्निंग आली, कन्सोलचे अधिकार काढून घेतले. आता लोकेशन पाहायला दोन जणांची मंजुरी लागते, आणि त्या दोघांत मी नाही. माझ्याकडे प्रिंटर आहेत, केबल आहेत.

तो बोलतो माझ्याशी, कामापुरतं. डबा मात्र दुसऱ्या टेबलावर उघडतो.

नवीन आलेल्यांना मी एवढंच सांगतो, ज्याच्यावर राग आहे त्याचं यंत्र कन्सोलवर स्वतः उघडू नका, काम आलंच तर शेजारच्याला करायला सांगा. माझं जळणं अजून पुरतं गेलेलं नाही. अधिकार गेले, ते बरंच झालं.