लोभाचा झगा माझ्या मांडीवर होता

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, अक्षरही वेडंवाकडं... माफ करा. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कुणी वाचेल असं वाटत नाही, पण वाचलीच तर सांभाळून घ्या. भूत-देवस्की आमच्या घरात कुणी मानत नाही. मी तर कधीच मानली नाही.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. आम्ही सातपूरला राहायचो. यांच्या कारखान्यातली माणसं नाटक बसवत होती – काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. सहा रिपू, सहा नट. झगे शिवायचं काम माझ्याकडे आलं. नाटक बसवणारे सोनवणे भाऊजी कापडाचे पैसे देऊन गेले. मी नाशिकच्या मेनरोडवरून तुकड्यांचं कापड स्वस्तात आणलं. चाळीस रुपये उरले, त्यांची नायलॉनची साडी घेतली. घरी सांगितलं, माहेरून आली.

"पुरले का पैसे, वहिनी?" भाऊजींनी विचारलं.

"बरोब्बर पुरले," मी खाली बघून म्हणाले.

रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये रंगीत तालीम होती. लोभाचं काम करणारा बबन घोटीचा. त्याची एसटी चुकली.

"लोभ नाही आला? बरं झालं, आज संसार सुखाचा होईल!" मद करणारा म्हणाला. सगळे हसले. भाऊजींनी बबनची वाक्यं गाळून सुरू करायला सांगितलं. त्याचा हिरवा झगा माझ्या मांडीवर होता, हूक लावायचा राहिला होता.

शिवणाऱ्या बाईची नजर आधी काठावर जाते. मी स्टेजवरचे काठ बघत गेले... पाच झाले, आणि पुढे सहावा. हिरवा.

मी मांडीवर हात दाबला. सुई टोचली. झगा तिथेच होता.

सहाव्याने मान वर केली नाही. फक्त म्हणाला, "बरोब्बर पुरले." आवाज माझा.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पाचच होते.

पडद्याआडून वही बघून वाक्यं सांगणारे मास्तर बाहेर आले. "बबन आला वाटतं? त्याला सांगा, वहीत नाही ते बोलू नको. आणि बाईचा आवाज कशाला काढतो?"

"मास्तर, बबन घोटीलाच आहे. चहा घ्या तुम्ही," भाऊजी म्हणाले.

मला भास झाला म्हणावं, तर मास्तरांनी काय ऐकलं?  त्यांना विचारायची हिंमत इतक्या वर्षांत झाली नाही.

ती साडी अंगाला लागली नाही. ब्लाउज शिवून पाच रुपये जमले, तशी भाऊजींच्या घरी गेले. शांताताई, त्यांची बायको, दारात होत्या.

"कसले गं हे?"

"झग्यांच्या कापडातले. मी खोटं बोलले होते... अजून पस्तीस द्यायचे आहेत."

त्यांनी नोट पदराला बांधली. मग म्हणाल्या, "आत तरी ये."

दर महिन्याला जात राहिले. आठव्या महिन्यात शेवटची पाचची नोट त्यांच्या हातावर ठेवली. चाळीस फिटले.