कॉलरवालीची सुट्टी

शर्टांच्या कारखान्यात ती कॉलर लावायची, म्हणून गल्लीत सगळे तिला कॉलरवालीच म्हणत. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर गेली, तर दुपारपर्यंत छाती दगडासारखी घट्ट आणि घरी पोर उपाशी. बाटली दिसली की ते मान फिरवायचं. असंच चाललं तर दूध आटणार, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

ती सुपरवायझरकडे गेली. "साहेब, बाळाला पाजायला कायद्याने दिवसातून दोन सुट्ट्या आहेत."

"कायदा मलाही पाठ आहे. पण तू घरी जाऊन येईस्तोवर मागची अख्खी लाइन माश्या मारत बसेल."

"आणि बाळच इथे आलं तर?"

"आण. मग बघू."

आता आणायचं कोणी? नवऱ्याची रात्रपाळी, दिवसा घरी तोच. पण स्वारी पडली मानी. "बायकांच्या गेटवर पोर घेऊन उभा राहू? चारचौघांत नाक कापून घेऊ?"

त्यापेक्षा त्याने घरातच शक्कल लढवली. बायकोचा फुलाफुलांचा गाऊन अंगात चढवला. तिच्या वासाला पोर भुललं आणि अर्धी बाटली रिकामी! खिडकीचा पडदा सरकलेला होता, म्हणून बातमी गल्लीभर झाली. कोणी केली ते विचारू नये.

दोन-चार दिवस निभावलं. मग पोराच्या हाताला मिशी लागली. असा टाहो फोडला की थांबेचना. नवऱ्याची पाचावर धारण बसली. पोर उचललं आणि सुटला तो थेट कारखान्याच्या गेटवर. गाऊनसकट.

वॉचमन आडवा आला. "कोण पाहिजे, बाई... म्हणजे, दादा?"

"कॉलरवाली! लवकर!"

वर रडणं ऐकू आलं तसा तिला पान्हा फुटला. ती मशीन सोडून जिन्यावरून धावली. बाकीच्या बायका खिडक्यांना लटकल्या.

"भाऊजी, कापड झकास हो! कुठून आणलंत?" बटणांची काजं करणारी काजंवाली ओरडली.

सुपरवायझर तणतणत खाली आला. "हा काय तमाशा?"

"तुम्हीच म्हणालात, आण," म्हणत तिने वॉचमनच्या केबिनचं दार लावून घेतलं. नवरा दाराला पाठ लावून पहाऱ्याला उभा.

"किती वेळ लागेल?"

"बाळाला विचारा," आतून उत्तर आलं.

लाइन चालू ठेवायला सुपरवायझर स्वतःच तिच्या मशीनवर बसला. त्याने लावलेल्या कॉलरींचं एक टोक वर, एक खाली. त्या उसवण्यात दुपार गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने काजंवालीला कॉलर शिकायला बसवलं आणि केबिनला आतून कडी बसवून दिली. नवरा अजून गेटवर मान खाली घालूनच उभा राहतो, पण वेळ चुकवत नाही.